मजुरी, मुले आणि उंचीची पट्टी



गरिबीची चर्चा निघाली की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, मजुरी कमी म्हणून माणूस गरीब. दुसरा म्हणतो, पोरांचे लेंढार म्हणून माणूस गरीब. कामगार संघटनेत आयुष्य गेलेला मनुष्य कोणत्या पक्षाचा, हे आपण ओळखलेच असेल. पण इतिहासापुढे वकिली करू नये, साक्षीपुरावा तपासावा. म्हणून आपण इंग्लंडातील यॉर्क शहरात जाऊ.

तेथे १८९९ साली सीबोम राउंट्री या चॉकलेट कारखानदाराच्या मुलाने ११,५६० कामकरी कुटुंबांची घरोघर पाहणी करविली. नवराबायको आणि तीन मुले यांना केवळ शरीर धड राखण्यासाठी घरभाड्यासह आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा हिशोब त्याने बसविला. त्यात तंबाखू नव्हती, वर्तमानपत्र नव्हते, पत्राचे तिकीट नव्हते, आणि हे आमच्या लोकांनी लक्षात ठेवावे, संघटनेची वर्गणीही नव्हती! तरीही शहराच्या एकूण वस्तीपैकी सुमारे १० टक्के लोक या रेषेखाली निघाले. उधळपट्टीमुळे किंवा अन्य खर्चामुळे दैन्यात पडलेले आणखी १८ टक्के वेगळेच.

रेषेखालच्या या माणसांच्या गरिबीची कारणे त्याने वेगळी काढली. शंभरातील सुमारे ५२ जण अशा घरांतले, की जिथे कर्ता रोज कामावर जात होता, पण मजुरीच अपुरी होती. सुमारे २२ जणांच्या घरी चाराहून अधिक मुले होती. सुमारे १६ जणांचा कर्ता पुरुष वारला होता. म्हणजे दोन्ही पक्षांना पुरावा मिळाला. मात्र मजुरीचे पारडे दुपटीहून जड होते.

राउंट्रीने आणखी एक मर्माची गोष्ट दाखविली. मजुराच्या जन्मात गरिबीचे तीन फेरे येतात: स्वतः लहान असताना, पदरी लहान मुले असताना, आणि हातपाय थकल्यावर. मजुरी मिळते ती कामाची. खाणारी तोंडे मोजून ती कोणी देत नाही. पगार तोच राहतो, वाटेकरी मात्र वाढतात.

हा वाटा अंगावर दिसतो. यॉर्कच्या अतिगरीब वस्तीतील तेरा वर्षांचा मुलगा बऱ्या स्थितीतील कामगाराच्या मुलापेक्षा सरासरी साडेतीन इंचांनी ठेंगणा भरला. त्या वस्तीत जन्मलेल्या हजार मुलांपैकी २४७ वर्षाच्या आत दगावत. बऱ्या स्थितीतील कामगारांत १७३.

पुढे ब्रिटनमध्ये फार मोठा पालट झाला. १८६० च्या दशकात लग्न झालेल्या जोडप्यांना सरासरी सहा मुले होत. १९२० च्या दशकातील जोडप्यांना सुमारे दोन. कामगारांतही सगळे एका चालीने चालले नाहीत. १९११ च्या जनगणनेत कापड गिरण्यांतील कामगारांची कुटुंबे लहान, तर खाणकामगारांची मोठी आढळली. गिरणीत बाई स्वतः कमावत होती. खाणीच्या गावात तिला कमाईची वाट जवळजवळ नव्हती. शिवाय १८८० पासून शाळा सक्तीची झाल्यावर पोराची कमाई लांबली आणि खर्च वाढला.

लहान कुटुंबाने मुलांची प्रकृती सुधारली का? १९३७ ते १९३९ या काळात जॉन बॉइड ऑर यांच्या पुढाकाराने इंग्लंड व स्कॉटलंडमधील तेराशेंहून अधिक कुटुंबांचा आहार आणि मुलांची उंची तपासली गेली होती. टिमोथी हॅटन आणि रिचर्ड मार्टिन या अभ्यासकांनी ती माहिती पुन्हा मांडून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणशी उत्पन्न वाढले की मुलांची उंची वाढते; भावंडे आणि घरातील दाटी वाढली की घटते. कारण ताटातले कमी होते आणि एकाचा आजार सर्वांना लागतो. १९०६ ते १९३८ या काळात वाढलेल्या उंचीपैकी जवळजवळ निम्मी वाढ उत्पन्नवाढ व लहान कुटुंब यांमुळे झाली, आणि त्यातही लहान कुटुंबाचा वाटा मोठा, असा त्यांचा हिशोब आहे. आमच्या पक्षाने हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण त्याच काळात तिथल्या समाजाने आईबापांना नुसता उपदेश करून हात झटकले नाहीत. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ साली शाळेत वैद्यकीय तपासणीचा. एलिनॉर रॅथबोन या बाईंनी अनेक वर्षे झगडून मागितलेला कुटुंबभत्ता १९४५ च्या कायद्याने मान्य झाला: दुसऱ्या व पुढील प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही आईच्या हाती.

आपल्याकडेही हे दोन्ही धागे जुने आहेत. मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची १९२१-२२ ची पाहणी सांगते, की शंभरातली ९७ बिऱ्हाडे एकाच खोलीत राहत. १९२१ सालीच रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. तो फेटाळला गेला. मजुरीसाठी झगडणाऱ्यांनीच हा प्रश्न मांडला होता, हे विसरू नये.

आणि १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा पाया ठरविला, तेव्हा कामगारामागे तीन एकके धरली: नवरा, बायको आणि दोन मुले. वृद्ध आईबापांसाठी वेगळे एकक धरले नाही. राउंट्रीचा तिसरा फेरा त्या कागदावर उमटलाच नाही.

तेव्हा मुले किती असावीत हे कामगाराला जरूर सांगा, विशेषतः त्याच्या बायकोला विचारून सांगा. पण सांगणाऱ्याने आधी पगाराच्या हिशोबात कोणाकोणाची तोंडे मोजली आहेत, तेही दाखवावे. लहान कुटुंबाने ताटातला वाटा वाढतो. परंतु मुळात ताटात काही पडले, तरच.