आधीं शब्द, मग कोयता
रुआंडांत हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, वस्तीहि शेजारशेजारची. बेल्जियन राज्यकर्त्यांनीं १९३३ च्या सुमारास ओळखपत्रांवर वंश नोंदविला आणि लवचीक भेद कायमचा झाला. १९८९ त कॉफीचे भाव कोसळले, १९९० त यादवी पेटली; सत्ताधाऱ्यांनीं साऱ्या संकटांचें खापर तुत्सींच्या माथीं फोडलें. १९९३ त सुरू झालेलें एक नभोवाणी केंद्र त्यांना ‘झुरळें’ म्हणूं लागलें. ६ एप्रिल १९९४ रोजीं किगालीजवळ राष्ट्राध्यक्षांचें विमान पाडलें गेलें. पुढील सुमारें १०० दिवसांत नाक्यानाक्यावर ओळखपत्रें पाहून ५ लाखांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. मारणारांत शेजारीहि होते. श्रोत्यांनीं ध्यानीं घ्यावें कीं, कोयता शेवटीं उचलला गेला. त्याला धार मात्र कित्येक वर्षें लावली जात होती.