कृत्रिम धाग्यांचे गालिचे आणि स्थिर विद्युत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिवाळ्यातील कोरड्या हवेत नायलॉनच्या गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या धातूच्या मुठीला हात लावला असता बोटाला झटका बसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील असंख्य घरांत हा अनुभव नित्याचा झाला. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्याचे स्पष्टीकरण दोन-चार ओळींत आटोपते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळे प्रश्न उभे राहतात. हा झटका घरात शिरला कसा? तो कमी करण्याची जबाबदारी प्रथम कोणावर पडली? आणि किती झटका सह्य मानावयाचा, हे कोणत्या निकषावर ठरविण्यात आले? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. तंत्रज्ञानातील 'सह्य मर्यादा' ही केवळ निसर्गनियमाने ठरत नसून, कोणाचे नुकसान महत्त्वाचे मानले जाते यावरही ती ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वैज्ञानिक पार्श्वभूमी

घर्षणाने निर्माण होणाऱ्या विद्युतेचे ज्ञान प्राचीन आहे. घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढून घेतो, या निरीक्षणाचे श्रेय परंपरेने ग्रीक विचारवंत थेलीझ याला दिले जाते. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट याने हा गुण अंबराव्यतिरिक्त इतर अनेक पदार्थांतही असल्याचे दाखविले. १७५७ मध्ये योहान कार्ल विल्के याने, परस्परांवर घासल्यावर कोणता पदार्थ धन आणि कोणता ऋण भार धारण करतो, याची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली.

गालिच्यांच्या संदर्भात मात्र स्टीफन ग्रे याचे १७२९ मधील प्रयोग अधिक उद्बोधक ठरतात. अंबाडीसारख्या वनस्पतिजन्य धाग्यांच्या दोरीतून विद्युत दूरवर वाहून जाते, तर रेशमी धागा तिला अडवून धरतो, असे त्याला आढळले. दोरीची ही वाहकता मुख्यतः तिने शोषलेल्या ओलाव्यामुळे असते. गालिच्यांच्या समस्येचे मर्मही येथेच आहे. भार घर्षणाने जवळजवळ सर्वच धाग्यांवर निर्माण होतो. तो साचून राहतो की वाहून जातो, हे धाग्यातील पाण्यावर अवलंबून असते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १४ ते १६ टक्के, कापूस ७ ते ८ टक्के आणि नायलॉन सुमारे ४ टक्के पाणी धरून ठेवते. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अवघे ०.४ टक्के असून पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ पाणी शोषतच नाही.

डाल्टन आणि नायलॉनचा गालिचा

अमेरिकेतील गालिचा उद्योगाचे केंद्र असलेल्या डाल्टन (जॉर्जिया) या गावाचा इतिहास पलंगपोसापासून सुरू होतो. १८९५ मध्ये कॅथरिन इव्हान्स या किशोरवयीन मुलीने कापडात सुताचे गोंडे ओवून एक पलंगपोस तयार केला. त्यातून घरोघरी चालणारा व्यवसाय वाढला आणि पुढे त्याचे यांत्रिकीकरण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद यंत्रांवर याच 'टफ्टिंग' पद्धतीने गालिचे होऊ लागले. विणलेल्या गालिच्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडत. १९५० मध्ये अमेरिकेतील गालिच्यांपैकी जेमतेम १० टक्के गालिचे या पद्धतीचे होते; शतक संपेपर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले.

प्रारंभीचे टफ्टेड गालिचे सुती होते. ते लवकर मळत आणि दबत. कोरियन युद्धाच्या काळात, १९५०-५१ मध्ये, लोकरीचे भावही भडकले. टिकाऊ व स्वस्त धाग्याची ही गरज नायलॉनने भागविली. ड्यू पाँट कंपनीतील वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये जन्मलेला हा धागा १९४० पासून स्त्रियांच्या पायमोज्यांच्या रूपाने बाजारात आला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गालिच्यासाठी त्याचा फुगीर व अखंड धागा उपलब्ध झाला आणि मध्यमवर्गीय घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरणे शक्य झाले.

याच काळात घरातील इतर गोष्टीही बदलत होत्या. मध्यवर्ती उष्णता यंत्रणेमुळे घरे उबदार झाली, पण हवा कोरडी पडली. शून्य अंश सेल्सिअस तापमानाची बाष्पसंपृक्त हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्क्यांवर येते. बाहेर याहून अधिक थंडी असल्यास ती आणखी घसरते. चामड्याच्या तळव्यांची जागा रबरी व कृत्रिम तळव्यांनी घेतली, त्यामुळे शरीरावरील भार जमिनीकडे जाण्याची वाट आणखी अडली.

चौथा बदल गालिच्याच्या पाठीशी झाला आणि त्याचा संबंध थेट बंगालशी पोहोचतो. टफ्टेड गालिच्याच्या पाठीला तागाचे कापड लागे. १९६० च्या दशकात भारतातील ताग गिरण्यांना या कापडासाठी अमेरिकेची मोठी बाजारपेठ मिळाली होती. पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या कापडाने तागाला क्रमशः हुसकावून लावले. ओलावा धरणाऱ्या कापडाऐवजी पाण्याला थारा न देणारे कापड आले. तात्पर्य, धागा, हवा, पादत्राण आणि पाठीचे कापड या चारही ठिकाणांहून पाणी नाहीसे झाले. झटका हे त्याचेच फलित होते.

उपायांचा क्रम

उपायांच्या इतिहासात तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यातील उपाय गृहिणीने करावयाचे होते : खोलीत आर्द्रता वाढविणारे यंत्र ठेवणे, गालिच्यावर स्थिर विद्युतरोधक द्रावण फवारणे. या द्रावणांतील आर्द्रताशोषक संयुगे धाग्यावर ओलाव्याचा सूक्ष्म थर निर्माण करतात. मात्र वावराने व धुण्याने हा थर निघून जातो, त्यावर धूळ चिकटते आणि हवा अतिशय कोरडी असताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, तो निष्प्रभ ठरतो.

दुसऱ्या टप्प्यात उपाय कारखान्यात गेला. १९६० च्या दशकात नायलॉन तयार करतानाच त्यात जलस्नेही बहुवारिके मिसळण्याचे प्रयत्न झाले. त्यामुळे परिणाम टिकाऊ झाला, पण पाण्यावरील अवलंबन सुटले नाही.

तिसऱ्या टप्प्यात पाण्यावरील हे अवलंबन संपले. केसाहून बारीक स्टेनलेस स्टीलचे तंतू सुतात अल्प प्रमाणात मिसळण्यात आले. त्यापाठोपाठ कार्बनयुक्त संवाहक तंतू आले. १९७४ मध्ये ड्यू पाँटला मिळालेल्या एका पेटंटातील तंतूच्या गाभ्यात काजळी मिसळलेले पॉलिथिलीन असून त्याभोवती कृत्रिम बहुवारिकाचे आवरण आहे. त्यामुळे काळा रंग बऱ्याच अंशी झाकला जातो. असे मोजके तंतूही पुरतात, कारण ते साचलेला भार भोवतालच्या हवेत हळूहळू विसर्जित करतात आणि गालिच्याच्या पृष्ठावर पसरवून टाकतात. पाठीवरील लॅटेक्सच्या थरात संवाहक द्रव्य मिसळल्यास परिणाम अधिक चांगला होतो.

सह्य मर्यादेचा प्रश्न

संवाहक पृष्ठभागांची कल्पना १९७० च्या दशकात नवीन नव्हती. ईथर व सायक्लोप्रोपेन यांसारख्या ज्वालाग्राही भूलद्रव्यांमुळे शस्त्रक्रियागृहात ठिणगीने स्फोट होत असत. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाच्या कार्यगटाने १९५६ मध्ये याविषयी स्वतंत्र अहवाल दिला. शस्त्रक्रियागृहांसाठी संवाहक फरशी आणि संवाहक रबर त्या काळात प्रचारात होते. जेथे जीव धोक्यात होता, तेथे ज्ञानाचा उपयोग तत्परतेने झाला. घरातील झटका मात्र किरकोळ गैरसोय गणला गेला.

गालिच्यांसाठी चाचणी ठरली, तेव्हा तिचा आधार मानवी त्वचा हा होता. नियंत्रित तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीत एक व्यक्ती गालिच्यावरून चालते आणि तिच्या शरीरावरील विद्युतदाब मोजला जातो. सामान्य माणसाला सुमारे ३,००० ते ३,५०० व्होल्टच्या खालील विसर्जन जाणवत नाही. म्हणून ३,५०० व्होल्ट ही मर्यादा प्रचारात आली. जे जाणवत नाही ते नाहीच, असा याचा व्यावहारिक अर्थ होता.

अर्धवाहक उपकरणांनी हा अर्थ मोडीत काढला. काही उपकरणे १०० व्होल्टच्या आसपासही निकामी होतात. माणसाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. १९७९ मध्ये या विषयावरील पहिली विशेष परिषद अमेरिकेत भरली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८० च्या मार्गदर्शक पुस्तिकेत, गालिच्यावरून चालताना १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत १,५०० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो, असे नमूद करण्यात आले. १९९९ च्या अमेरिकी राष्ट्रीय मानकाने इलेक्ट्रॉनिक वस्तू हाताळणाऱ्या व्यक्तीच्या शरीरावरील दाब १०० व्होल्टच्या आत ठेवण्याची अट घातली. गालिचा, माणूस आणि विद्युत तीच राहिली; निकष मात्र त्वचेकडून यंत्राकडे सरकला आणि मर्यादा पस्तीस पटींनी खाली आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, कृत्रिम गालिच्यावरील स्थिर विद्युत हा एका धाग्याचा दोष नसून, घराच्या एकूण रचनेतून पाणी हद्दपार झाल्याचा परिणाम होय. दुसरा, उपायाचा भार गृहिणीकडून कारखान्याकडे गेला तेव्हाच तो टिकाऊ झाला. तिसरा, सह्य मर्यादा बदलण्यास विज्ञानातील नवा शोध नव्हे, तर नुकसानीचे नवे मोजमाप कारणीभूत ठरले.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा इतिहास उपयुक्त आहे. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत हा प्रश्न सहसा जाणवत नाही. विदर्भातील कोरड्या हवेत तो जाणवू शकतो. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात गालिचा अंथरताना केवळ रंग व किंमत पाहून भागणार नाही. धाग्यात संवाहक तंतू आहेत काय, चाचणी किती आर्द्रतेत झाली आणि मर्यादा माणसासाठी ठरविली आहे की यंत्रासाठी, हे तीन प्रश्न खरेदीपूर्वी विचारले जाणे आवश्यक आहे.