वडाप, काळी-पिवळी आणि कायदा : गाडीत बसण्याआधी हे पाहा

उरूस असो, इज्तेमा असो की नातेवाइकांकडचा निकाह. एसटी चुकली की आपण वडाप किंवा काळी-पिवळी धरतो. आपले कितीतरी भाऊ याच धंद्यावर घर चालवतात. म्हणून पॅसेंजर आणि गाडीवाला, दोघांच्याही कामाचे नियम आम्ही इथे देत आहोत.

शेअर सीट बेकायदा आहे का?

सरसकट नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या परमिटच्या गाडीने सीटप्रमाणे भाडं घेतलं, तरी ती कंत्राटी वाहतूकच राहते. सहाहून जास्त प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेऊन वाटेत चढ-उतार केली, तर ती टप्पा वाहतूक. तिचं परमिट वेगळं असतं.

पांढऱ्या पाटीची गाडी

काळ्या अक्षरांची पांढरी नंबरप्लेट म्हणजे खासगी गाडी. तिने भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. कलम १९२-अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेलं तर हे कलम लागत नाही. मात्र सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं. जादा पॅसेंजर कोंबल्यास डोक्यामागे २०० रुपये दंड आहे.

खरा फटका अपघातानंतर

दंड भरून सुटता येतं, विम्याचं तसं नाही. परमिट नसताना गाडी चालवणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग खटल्यात म्हटलं. त्या खटल्यात विमा कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि नंतर मालकाकडून वसूल करायची, असं ठरलं. म्हणजे हप्त्यावर गाडी घेतलेल्या भावावर लाखोंचा बोजा येऊ शकतो.

पॅसेंजरने काय करावं?

काळ्या अक्षरांची पिवळी पाटी पाहा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. गाडीचा नंबर घरी कळवा. अपघात झालाच तर कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कलम १६६ खालचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. दुःखात हे दिवस कसे जातात कळत नाही. म्हणून घरातल्या एकाने तरी ही मुदत लक्षात ठेवावी.