रणगाड्यातला सवार

शाळेत इतिहास शिकवताना माझा एक ठरलेला प्रश्न असे. बारगीर कोण आणि शिलेदार कोण? सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार आणतो तो शिलेदार. पोरे पाठ करीत आणि परीक्षा झाली की विसरत. घोडदळ आता पुस्तकातच उरले, असे मलाही वाटे.

नगरचे (आताचे अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय पाहिले आणि ही समजूत गेली. रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये जवानाला आजही 'सवार' म्हणतात. त्याच्या वर दफेदार, मग रिसालदार. घोडा गेला, हुद्दे राहिले!

'पूना हॉर्स'चेच बघा ना. हिचे मूळ १८१७च्या पुण्याच्या तहात. खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा दुसऱ्या बाजीरावाने आणि फौजेवर हुकूम मात्र कंपनीचा. पुढे घोड्यांच्या जागी रणगाडे आले. काम तेच, वेगाने जाऊन शत्रूची फळी फोडायची. सोबत तोफ आणि चिलखत, एवढेच अधिक. पण जिंकलेली जमीन धरून ठेवायला पायदळच लागते, आणि दाणावैरणीची चिंता डिझेलवर आली. आता तर वरून ड्रोनची भीती.

याच रेजिमेंटचे कर्नल तारापोर १९६५ साली चाविंड्याच्या लढाईत पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपाशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. वय २१. रणगाडा पेटला होता, मागे येण्याचा हुकूम होता. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

अरुणचे वडीलही लष्करातलेच, ब्रिगेडियर. २००१ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, ते पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले ते निवृत्त ब्रिगेडियर नासेर. परतण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले, तुमच्या मुलाच्या रणगाड्यावर गोळा मीच डागला होता. दोघेही सैनिक. आपापले कर्तव्य केले, एवढेच दोघांना ठाऊक.

आयुष्यभर मी पोरांकडून लढायांची कारणे आणि परिणाम लिहून घेतले. त्या रात्रीचे ते बोलणे यांपैकी कशात घालायचे, हे मला अजून सुचलेले नाही.

असो. नगरला गेलात तर नातवंडांना संग्रहालय जरूर दाखवा. आणि रणगाड्यापुढे फोटो काढण्याआधी, आत बसणाऱ्याला काय म्हणतात तेवढे सांगा.