सेवेनच्या डोंगरवाटा

कोणत्याही देशाचा इतिहास त्याच्या राजांच्या चरित्रांत जितका सांपडतो, तितकाच तो त्या देशाच्या वाटांतही सांपडतो. राजांचा इतिहास लिहून ठेवण्यास भाट व बखरकार असतात. वाटांचा इतिहास मात्र दगडमातींतच पडून राहतो, व तो वाचावयाचा तर त्या वाटेनें सावकाश जावें लागतें. असें सावकाश जाण्याची एक नवी हौस गेल्या कांहीं वर्षांत युरोपअमेरिकेंत वाढीस लागली आहे. डांबरी सडक बुद्ध्याच सोडून खडीच्या, मुरुमाच्या व रानांतल्या कच्च्या वाटांनीं सायकलीवरून दूरचा प्रवास करावयाचा, असें तिचें स्वरूप असून तीस 'ग्रॅव्हल सायकलिंग' असें नांव पडलें आहे. तिच्यासाठीं रुंद टायरांची व चढास उपयोगी अशा हलक्या गिअरांची निराळी सायकल मिळते. आणि २०२२ पासून तिच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीही होऊं लागल्या आहेत.

दक्षिण फ्रान्समधील सेवेन हा डोंगराळ मुलूख या हौशी लोकांस विशेष प्रिय आहे. उत्तरेकडील आव्हालोंपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरांचा जो सायकलमार्ग आंखलेला आहे, तोही याच डोंगरांतून जातो. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस हा मुलूख स्टीव्हन्सनमुळें ठाऊक असतो. १८७८ च्या शरदृतूंत मोदेस्तीन नांवाच्या गाढवीवर सामान लादून तो ल मोनास्तिए या गांवाहून निघाला व बारा दिवसांनीं सें-झां-द्यु-गार येथें पोंचला. पुढील वर्षीं त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें. आम्हीं तें पुस्तक प्रथम वाचलें तें गाढवीच्या गमतीसाठीं. पुढें तेंच वर्गांत शिकवितांना लक्षांत आलें कीं, ग्रंथकाराचें मन गाढवीपेक्षां त्या भूमीवर होऊन गेलेल्या एका धर्मयुद्धांत अधिक गुंतलेलें आहे. तेव्हांपासून या वाटा कोणीं पाडल्या, कशासाठीं पाडल्या, याचा विचार आम्ही करीत आलों आहों.

त्यांतील सर्वांत जुन्या वाटा मेंढ्यांनीं पाडल्या. उन्हाळा लागला म्हणजे लांगदोकच्या मैदानांतील कुरणें करपून जात आणि मेंढपाळ आपापले कळप घेऊन लोझेर व एगुआल या उंच डोंगरांची वाट धरीत. शतकानुशतकें खुरांखालीं तुडवून झालेल्या या रुंद वाटांस तेथें 'द्राय' म्हणतात. दऱ्या टाळून त्या डोंगराच्या धारेधारेनें जातात. कळप आतां थोडे उरले असले तरी ही चाल अद्यापि अगदींच मोडलेली नाहीं; २०११ सालीं युनेस्कोनें कोस व सेवेन या प्रदेशांचा जागतिक वारशांत समावेश केला, तो तेथील पशुपालनानें घडविलेल्या भूमीबद्दलच होय.

मेंढपाळांच्या मागून या डोंगरांत शिपाई आले. १५९८ सालीं नांत येथील फर्मानानें प्रॉटेस्टंट पंथीयांस जी धर्माचरणाची मोकळीक मिळाली होती, ती चौदाव्या लुईनें १६८५ त काढून घेतली. सेवेनची बहुतेक प्रजा प्रॉटेस्टंट. तिचीं प्रार्थनामंदिरें पाडण्यांत आलीं, उपदेशकांस हद्दपार करण्यांत आलें, आणि लोक चोरून रानांत जमून प्रार्थना करूं लागले. लांगदोकवर राजानें नेमलेला कारभारी बाव्हील हा मोठा करडा व हिशेबी गृहस्थ होता. जेथें तोफेचा गाडा जात नाहीं तेथें राजाचा हुकूमही जात नाहीं, हें त्यानें ओळखलें व पलटणी आणि तोफा जातील असे रुंद रस्ते डोंगर फोडून काढण्याचें काम हातीं घेतलें. सें-झां-द्यु-गारहून फ्लोराककडे माथ्यावरून जाणारा, हल्लीं 'सेवेनची कोर्निश' म्हणून प्रसिद्ध असलेला रमणीय रस्ता हें याच धोरणाचें फळ. आज त्यावर डांबर आहे, व दोहों बाजूंच्या दऱ्यांची शोभा पाहण्यास प्रवासी तेथें थांबतात. ज्यानें तो काढविला त्याची नजर त्या दऱ्यांत लपलेल्या माणसांवर होती.

रस्ते झाले, पण शांतता झाली नाहीं. २४ जुलै १७०२ रोजीं पों-द-मोंव्हेर या गांवीं आबे द्यु शेला या पाद्र्यानें कोंडून ठेविलेल्या प्रॉटेस्टंटांस सोडविण्यासाठीं त्यांचे धर्मबंधु चालून आले. त्या दंग्यांत पाद्र्याचा वध झाला व कामिझारांचें बंड पेटलें. त्यांचा एक पुढारी झां काव्हालिए हा भटारखान्यांतील उमेदवार होता. अशा मेंढपाळांनीं व कारागिरांनीं राजाच्या मार्शलांस दोन वर्षें दाद दिली नाहीं. कारण रस्ते राजाचे असले तरी द्राय व पायवाटा त्यांच्या होत्या. शेवटीं १७०३ च्या अखेरीस साडेचारशेंहून अधिक खेडीं व वाड्या उद्ध्वस्त करण्यांत आल्या. बंड मोडलें, पंथ मात्र मोडला नाहीं.

तोफांसाठीं काढलेल्या रस्त्यांची ही कथा झाली. सामान्य दळणवळणाचे रस्ते फ्रान्सभर झाले ते अठराव्या शतकांत, आणि ते पुष्कळअंशीं वेठीनें झाले. १७३८ पासून राजरस्त्यांच्या कामीं शेतकऱ्यांस दरसाल कांहीं दिवस बिनमजुरीनें राबावें लागे. सरदार व धर्माधिकारी यांस ती माफ असे. लिमोज प्रांतांत त्युर्गो या अधिकाऱ्यानें वेठीऐवजीं पट्टी बसवून रोजमजुरीनें काम घेण्यास आरंभ केला. त्याच्या हाताखालील त्रेसागे या इंजिनियरानें खालीं मोठे दगड उभे बसवून वर बारीक खडीचे थर देण्याची पद्धति घालून दिली. खडीच्या रस्त्याशीं मॅकॅडमचें नांव जगांत कायमचें जोडलें गेलें; परंतु त्याच्या कित्येक वर्षें आधीं त्रेसागेचे रस्ते वापरांत होते. त्युर्गोनें मंत्रिपदीं येऊन १७७६ त वेठ बंद केली. त्याचें मंत्रिपद जातांच ती परत आली. आणि कायमची गेली ती १७८७ सालीं. त्याच वर्षीं सोळाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांस जन्म, विवाह व मृत्यु यांची कायदेशीर नोंद करण्याचा हक्क दिला. प्रजेच्या पाठीवरील व अंतःकरणावरील ओझें एकाच वर्षीं हलकें व्हावें, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो.

या डोंगरांत केवळ सुखासाठीं हिंडण्याची कल्पना त्यानंतर शंभर वर्षांनीं आली. सेवेनच्या उत्तरेस सेंत-एतिएन हें कारखान्यांचें शहर आहे. तेथें पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) नांवाचा रेशमाचा व्यापारी राहत असे. १८८७ सालीं त्यानें सायकलीस वाहिलेलें एक नियतकालिक काढलें व 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें त्यांत लेखन केलें. तो शाकाहारी होता, एस्पेरांतो भाषेचा अभिमानी होता, व सायकल ही शरीराबरोबर बुद्धीचीही तालीम आहे असें मानीत असे. चढावर गिअर बदलतां आला तर साधा मनुष्यही डोंगर चढेल, हा त्याचा आग्रह. शर्यतवाल्यांस हें दुबळेपणाचें लक्षण वाटे. १९०३ त सुरू झालेल्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतींत सर्व स्पर्धकांस गिअर बदलण्याच्या यंत्राची मोकळीक मिळाली ती १९३७ सालीं, व्हेलोसिओ वारल्यानंतर. सेंत-एतिएनबाहेर १,१६१ मीटर उंचीच्या कोल द ला रेप्युब्लिक या खिंडींत त्याचें स्मारक आहे. आज खडीच्या वाटेवर जो जो सायकलस्वार हलका गिअर टाकून चढ चढतो, तो त्याचाच शिष्य म्हटला पाहिजे.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत या बाजूच्या डोंगरांस आपला जुना इतिहास आठवावा लागला. सेवेनच्या उत्तरेकडील पठारावर ल शांबों-स्यूर-लिन्यों हें प्रॉटेस्टंट गांव आहे. तेथील व भोंवतालच्या खेड्यांतील लोकांनीं यहुदी कुटुंबांस व मुलांस घरांत, शाळांत व शेतावर आश्रय दिला. आपले पूर्वज कसे लपत होते हें त्यांनीं लहानपणापासून ऐकलें होतें. हे आश्रित अरुंद रुळांच्या एका लहान आगगाडीनें त्या पठारावर येत. ती गाडी १९६८ सालीं बंद झाली. त्याच लोहमार्गाच्या एका शाखेचे रूळ काढून एरिए नदीच्या खोऱ्यांत आतां सायकलस्वारांची व पादचाऱ्यांची वाट केलेली आहे.

एवढें सांगितल्यावर एक प्रश्न उरतो. या वाटा कच्च्या कां राहिल्या? इतका समृद्ध देश, त्यानें येथें डांबर कां घातलें नाहीं? याचें उत्तर सुखाचें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमाच्या किड्यांवर रोग पडला व सेवेनचा मुख्य धंदा बुडूं लागला. १८६५ पासून पाश्चरनें आलेस येथें येऊन त्या रोगाचा छडा लावला, तरी पूर्वीचे दिवस परत आले नाहींत. तरुण माणसें खाणींत, कारखान्यांत, शहरांत गेलीं. लोझेर जिल्ह्यांत १८५१ सालीं सुमारे १,४४,००० माणसें होतीं. आज तीं ७५ हजारांच्या आसपास आहेत. एगुआलवरील उघड्या पडलेल्या उतारांवर जॉर्ज फाब्र या वनाधिकाऱ्यानें त्या शतकाच्या शेवटच्या पादांत पुन्हा रान उभें केलें. मेंढपाळांस तें रुचलें नाहीं, कारण प्रत्येक नव्या झाडाबरोबर त्यांचें कुरण आंखडत होतें. जेथें जाण्यास कोणी उरलें नाहीं, तेथें डांबर घालण्याचें कारणही उरलें नाहीं.

म्हणजे सायकलस्वार जी शांतता शोधीत तेथें येतो, तिचा पुष्कळसा भाग तेथून गेलेल्या माणसांनीं मागें ठेविलेला आहे. यास्तव त्यानें तेथें जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. बाव्हीलच्या मनांतही आलें नसेल कीं, ज्या मुलुखाचें लपणें त्यानें बंद करूं पाहिलें, तेथें दूरदेशींचे लोक निर्भयपणें व निःशस्त्र हिंडतील. आणि तसे ते हिंडतात, हा त्याच्या धोरणाचा पराभवच आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, चढाव चढून धाप लागली म्हणजे त्यानें घटकाभर सायकल टेकून ठेवावी आणि चाकाखालच्या खडीकडे पाहावें. मेंढपाळ, शिपाई, वेठकरी, पळून चाललेली आई व तिचें मूल, हीं सर्व अशाच वाटांनीं गेलीं. आणि त्यांतील फारच थोडीं हौसेनें गेलीं होतीं.