हजची नोट

परदेशीं निघालेल्या मनुष्याला आपला रुपया हुंडणावळीच्या दरानें मोडून घ्यावा लागतो. परंतु मुंबईहून आगबोटीनें जेद्द्यास जाणाऱ्या हज-यात्रेकरूंना एके काळीं सरकारनें खास परदेशांत मोडावयाचा रुपयाच छापून दिला होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्यावर, कुवेतपासून मस्कतपर्यंत, हिंदी रुपया कित्येक पिढ्या चालत आला होता. मोत्यांचा व्यापार मुंबईशीं. मग चलनही मुंबईचेंच असावें यांत नवल तें काय? घोटाळा केला तो सोन्यानें. १९४७ सालापासून सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध आले, देशांत भाव चढला आणि आखातांतून सोनें चोरून येऊं लागलें. त्याची किंमत नोटांनीं चुकती होई. त्या नोटा तेथील बँका परत पाठवीत आणि बदल्यांत पौंड मागत. म्हणजे चोरट्या मालाचें बिल अखेर देशाच्या परकी गंगाजळींतून भरावयाचें! दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या खर्चानें ती गंगाजळी अगोदरच आटत चालली होती.

म्हणून १९५९ सालीं कायदा करून रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. नेहमींच्या नोटांवर तेथें पौंड मिळण्याचें बंद झालें. मग बिचाऱ्या यात्रेकरूंनीं काय करावें? त्यांच्यासाठीं दहा आणि शंभर रुपयांच्या हज नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाच्या आरंभीं 'एच-ए' हीं अक्षरें असत. जेद्द्यास त्या देऊन रियाल घ्यावयाचे. या नोटा नाशिकच्या छापखान्यांत छापलेल्या, त्यांवरचें वचन मुंबई कचेरींत रक्कम देण्याचें. पण नाशिकच्या किंवा मुंबईच्या बाजारांत त्यांवर पावशेर साखरही मिळाली नसती!

पलीकडच्या किनाऱ्यावरही असाच प्रकार घडला होता. सौदी अरबस्तानांत चांदीचे रियाल चालत. त्यांचें ओझें यात्रेकरूंनीं कोठवर वाहावें? १९५३ सालीं तेथील चलनसंस्थेनें दहा रियालांच्या हज पावत्या काढल्या. यात्रेकरूंना वाचतां यावें म्हणून त्यांवर अरबीखेरीज उर्दू, फारसी अशा भाषांतही मजकूर होता. यात्रा संपली तरी व्यापाऱ्यांनीं त्या पावत्या मोडल्या नाहींत, हातोहात चालविल्या. आणि १९६१ मध्यें तेथें रीतसर कागदी रियाल निघाला. मला तर ही युक्ति आपल्या युक्तीहून अधिक फळली असें वाटतें.

कारण आपला आखाती रुपया फार दिवस टिकला नाहीं. कुवेतनें १९६१ मध्यें आणि बहरीननें १९६५ मध्यें आपापला दिनार काढला. त्यांवर ६ जून १९६६ चें अवमूल्यन आलें. शंभर रुपयांना आदल्या दिवशीं साडेसात पौंड पडत, ते आतां पावणेपांचांवर आले. ज्यांनीं आयुष्याची पुंजी हिंदी नोटांत ठेविली होती, त्या आखातांतील व्यापाऱ्यांचा यांत कांहींच अपराध नव्हता. कतार आणि दुबई यांनीं त्याच वर्षीं रुपया सोडला. ओमाननें १९७० मध्यें. हज नोटाही पुढें बंद झाल्या, आणि आज त्या जुन्या नोटांच्या लिलावांत छापील किंमतीच्या कित्येक पटींनीं विकल्या जातात.