आयर्लंडमधील कॅथलिक संस्था व बालसंरक्षण

आयर्लंडमधील कॅथलिक चर्चच्या अखत्यारीतील औद्योगिक शाळा, सुधारगृहे, विद्यालये आणि धर्मग्रामे यांत मुलांवर झालेले शारीरिक, लैंगिक व मानसिक अत्याचार, त्यांच्या शासकीय चौकश्या आणि त्यांतून निर्माण झालेली बालसंरक्षणाची व्यवस्था यांचा समावेश या विषयात होतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, फ्रान्स इ. देशांतही कॅथलिक चर्चसंबंधी असे प्रश्न उपस्थित झाले. तथापि आयर्लंडमध्ये २००५ ते २०११ या अल्पावधीत चार विस्तृत चौकशी अहवाल प्रसिद्ध झाल्यामुळे त्या देशाचा अनुभव विशेष अभ्यासनीय ठरला आहे. अत्याचारांची माहिती वेळोवेळी मिळत होती. परंतु ती ज्यांच्या हाती पोहोचे, ते बहुधा आरोपीच्याच संस्थेचे अधिकारी असत, ही गोष्ट या अहवालांतून पुनःपुन्हा निदर्शनास येते. मुलाच्या तक्रारीला संस्थेबाहेर जाण्याचा मार्ग कसा बंद राहिला व तो पुढे कसा खुला झाला, हाच या इतिहासाचा गाभा होय.

पार्श्वभूमी : आयर्लंड ब्रिटिश सत्तेखाली असताना १८५८ च्या कायद्याने गुन्हेगार बालकांसाठी सुधारगृहे आणि १८६८ च्या कायद्याने निराधार बालकांसाठी औद्योगिक शाळा सुरू झाल्या. बहुतेक संस्थांचे व्यवस्थापन ख्रिश्चन ब्रदर्स, सिस्टर्स ऑफ मर्सी, ऑब्लेट्स, रॉस्मिनियन्स यांसारख्या कॅथलिक धर्मसंघांकडे होते. न्यायालयाच्या आदेशाने मुले तेथे पाठविली जात. पुष्कळ मुलांचा दोष दारिद्र्य, आईबापांचा वियोग वा शाळेतील गैरहजेरी एवढाच असे. संस्थेला प्रत्येक मुलामागे ठराविक अनुदान मिळत असल्यामुळे मुलांची संख्या अधिक राखण्यातच तिचे आर्थिक हित होते. डब्लिनजवळच्या आर्टेन येथील शाळेची (१८७०–१९६९) मान्य क्षमता ८३० मुलांची होती. इंग्लंडमध्ये १९३३ च्या कायद्याने औद्योगिक शाळांची पद्धती संपुष्टात आली. आयर्लंडमध्ये मात्र स्वातंत्र्यानंतरही ती पूर्ववत चालू राहिली.

नव्या राष्ट्राच्या उभारणीत चर्चचे स्थान मोठे होते. शिक्षण, रुग्णालये व अनाथांचे संगोपन यांचा फार मोठा भार धर्मसंघांनी उचलला होता. १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चचे विशेष स्थान मान्य केले (ही तरतूद १९७२ च्या सार्वमतानंतर रद्द झाली). अशा स्थितीत धर्मसंघांच्या कारभारात हस्तक्षेप करण्यास शासकीय खाती धजत नसत. ही भीड पुढे मुलांना फार महागात पडली.

दुर्लक्षित इशारे : औद्योगिक शाळांच्या चौकशीसाठी १९३४ मध्ये नेमलेल्या कसेन समितीने १९३६ मध्ये काही सुधारणा सुचविल्या; परंतु धर्मसंघांच्या हाती असलेली मूळ व्यवस्था तिने मान्य केली. अमेरिकेतील ‘बॉइज टाउन’ या बालगृहाचे संस्थापक फादर एडवर्ड फ्लॅनगन हे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले धर्मगुरू. १९४६ मध्ये मायदेशी आले असता त्यांनी या संस्थांतील मारहाणीवर जाहीर टीका केली; तिचा विचार होण्याऐवजी आयरिश मंत्र्यांनी व वृत्तपत्रांतील अनेकांनी त्यांनाच दोष दिला.

गॉलवे परगण्यातील लेटरफ्रॅक येथील शाळेत १९२४ ते १९३२ या काळात राहिलेल्या पीटर टिरल याने आपल्या आठवणी लिहून काढल्या व सिनेटर ओवेन शीही-स्केफिंग्टन यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्याच्या हयातीत हे लेखन प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९६७ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानावर त्याने आत्मदहन केले. मृतदेहाजवळ सापडलेल्या पत्राच्या तुकड्यावरील सिनेटरच्या नावावरून पुढे त्याची ओळख पटली. त्याचे आत्मकथन २००६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ३९ वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रकाशित झाले. दरम्यान केनेडी समितीने १९७० मध्ये मोठ्या संस्थांऐवजी लहान कुटुंबसदृश गृहांची शिफारस केली आणि औद्योगिक शाळा क्रमाने बंद होत गेल्या.

गोपनीयतेची पद्धती : चर्चच्या अंतर्गत कायद्यात बालकांवरील लैंगिक अत्याचार हा गंभीर अपराध मानला जात होता. म्हणजे नियमांचा अभाव नव्हता. परंतु त्या कायद्यानुसार होणारी चौकशी गोपनीय असे. १९६२ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पाठविलेल्या सूचनापत्रातही अशा प्रकरणांसाठी कडक गोपनीयता विहित होती. व्यवहारात धर्मन्यायालयापुढे खटला भरण्याऐवजी आरोपी धर्मगुरूची दुसऱ्या धर्मग्रामात बदली करणे वा त्याला मानसोपचारासाठी धाडणे, हेच मार्ग पुष्कळदा अवलंबिले गेले. नव्या धर्मग्रामातील लोकांना त्याच्या पूर्ववृत्ताची कल्पना दिली जात नसे.

या पद्धतीचे परिणाम ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूच्या प्रकरणात स्पष्ट दिसतात. १९७५ मध्ये त्याच्याविरुद्ध झालेल्या धर्मसंस्थीय चौकशीत साक्ष देणाऱ्या दोन किशोरवयीनांकडून गुप्ततेची शपथ घेण्यात आली. एका मुलाने स्मिथच्या तावडीत सापडलेल्या इतर मुलांची नावेही सांगितली होती. पण त्यांच्या पालकांना अथवा पोलिसांना काहीही कळविण्यात आले नाही. स्मिथचे गुन्हे त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. १९९४ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली. त्याला उत्तर आयर्लंडच्या स्वाधीन करण्याबाबत डब्लिनमधील महान्यायवादींच्या कार्यालयात झालेल्या विलंबावरून वादळ उठले आणि त्यातून नोव्हेंबर १९९४ मध्ये ॲल्बर्ट रेनल्ड्झ यांचे सरकार कोसळले. १९७५ च्या चौकशीतील टिपणे घेणारे धर्मगुरू शॉन ब्रेडी पुढे आर्माचे आर्चबिशप व कार्डिनल झाले. त्यांचा या चौकशीतील सहभाग २०१० मध्ये सर्वत्र चर्चिला गेला.

चौकशी आयोग : १९९६ मध्ये आयरिश बिशपांनी प्रत्येक तक्रार पोलिसांना कळवावी, असा मार्गदर्शक आराखडा स्वीकारला. जानेवारी १९९७ मध्ये पोपच्या राजदूताने बिशपांना पत्र पाठवून सक्तीने तक्रार कळविण्याच्या तरतुदीबाबत व्हॅटिकनच्या धर्मगुरुविषयक खात्याचे आक्षेप कळविले. त्यामुळे आराखड्याला टाळू पाहणाऱ्यांना आधार मिळाला. एप्रिल–मे १९९९ मध्ये मेरी रॅफ्टरी यांनी तयार केलेली औद्योगिक शाळांवरील माहितीपट-मालिका आयरिश दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. त्याच सुमारास, ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी शासनाच्या वतीने पीडितांची जाहीर क्षमा मागितली व चौकशी आयोगाची घोषणा केली.

न्यायमूर्ती मेरी लॅफॉय व त्यांच्या राजीनाम्यानंतर न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा पाच खंडांचा अहवाल २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झाला. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे १,०९० स्त्री-पुरुषांनी २१६ संस्थांविषयी निवेदन केले. मुलांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सार्वत्रिक होते आणि शिक्षण खात्याची वृत्ती धर्मसंघांपुढे नमते घेण्याची होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. निरीक्षक येणार असल्याची आगाऊ सूचना संस्थांना मिळे व निरीक्षक मुलांशी क्वचितच बोलत. अत्याचार करणारा बाहेरचा नोकर असल्यास प्रकरण सामान्यतः पोलिसांकडे जाई. तो संघाचा व्रतस्थ सदस्य असल्यास ते अंतर्गत रीत्या मिटविले जाई. यावरून संस्थाचालकांना अपराधाचे गांभीर्य कळत होते, हेही सिद्ध होते.

धर्मप्रांतांविषयीच्या तीन अहवालांनी हेच चित्र पूर्ण केले. फर्न्स धर्मप्रांताच्या अहवालात (२००५) १९६२ ते २००२ या काळातील २१ धर्मगुरूंविरुद्धच्या शंभरांहून अधिक आरोपांचा विचार करण्यात आला. न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या आयोगाने डब्लिनच्या आर्चबिशपांच्या प्रांताविषयीच्या अहवालात (२००९) १९७५ ते २००४ या काळातील ४६ धर्मगुरूंची प्रकरणे नमुन्यादाखल तपासली. गुप्तता राखणे, बदनामी टाळणे, चर्चची प्रतिष्ठा सांभाळणे व मालमत्तेचे रक्षण करणे यांना तेथे मुलांच्या हितापेक्षा अधिक महत्त्व दिले गेले, असा तिचा निर्णय होता. संभाव्य नुकसानभरपाईसाठी या प्रांताने १९८७ मध्येच विमा उतरविला होता, ही बाब अजाणतेपणाच्या सबबीला छेद देणारी ठरली. क्लॉइन धर्मप्रांताचा अहवाल (२०११) १९९६ नंतरच्या काळाविषयी असल्यामुळे त्याला वेगळे महत्त्व आहे. आराखडा स्वीकारल्यानंतरही कळविणे आवश्यक असलेल्या तक्रारींपैकी सु. दोनतृतीयांश तक्रारी पोलिसांना कळविल्या गेल्या नव्हत्या. संस्थेने स्वतःसाठी केलेला नियम, तो पाळला जातो किंवा नाही हे पाहणारी बाहेरची यंत्रणा नसेल, तर कागदावरच राहतो, हे क्लॉइनने दाखवून दिले. २० जुलै २०११ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत व्हॅटिकनवर कठोर टीका केली.

नुकसानभरपाई : २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाने पंधरा हजारांहून अधिक व्यक्तींना भरपाई मंजूर केली. त्याच वर्षी १८ धर्मसंघांनी शासनाशी करार करून १२·८ कोटी यूरो मूल्याची रक्कम व मालमत्ता देण्याचे मान्य केले व त्या बदल्यात पुढील दाव्यांची जबाबदारी शासनाने स्वीकारली. प्रत्यक्ष खर्च १०० कोटी यूरोंच्या वर गेल्याने हा करार वादग्रस्त ठरला.

संरक्षणाची नवी व्यवस्था : चर्चने २००६ मध्ये बालसंरक्षणाचे राष्ट्रीय मंडळ स्थापिले. त्याने २००९ मध्ये सर्व धर्मप्रांतांसाठी समान निकष ठरविले व २०११ पासून प्रत्येक धर्मप्रांताच्या तपासणीचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. नोव्हेंबर २०१२ मधील सार्वमताने बालकांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम राज्यघटनेत घालण्यास मान्यता दिली. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पोलिसांकरवी पूर्वतपासणी २०१६ पासून कायद्याने अनिवार्य झाली. २०१५ च्या बालककल्याणविषयक कायद्यान्वये डिसेंबर २०१७ पासून शिक्षक, डॉक्टर इत्यादींप्रमाणे धर्मगुरूंवरही अत्याचाराची माहिती ‘तुस्ला’ या शासकीय बाल-कुटुंब संस्थेस कळविण्याचे बंधन आले. हे बंधन मोडल्यास त्या कायद्यात फौजदारी शिक्षा नाही. मात्र बालकांविरुद्धच्या गंभीर गुन्ह्याची माहिती पोलिसांपासून दडविणे हा २०१२ च्या स्वतंत्र कायद्याने गुन्हा ठरला आहे. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, ही चर्चची भूमिका कायम असल्याने या मुद्द्यावर मतभेद आहेत.

व्हॅटिकनमध्येही बदल झाले. पोप फ्रान्सिस (कार. २०१३–२५) यांनी २०१४ मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला. स्वतः पीडित असलेल्या आयरिश सदस्या मेरी कॉलिन्स यांनी व्हॅटिकनमधील खात्यांच्या असहकारामुळे २०१७ मध्ये त्याचा राजीनामा दिला. २०१९ मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांनी तक्रार वरिष्ठांना कळविणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरील ‘पोपप्रणीत गुप्तता’ उठविण्यात आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शासकीय प्राथमिक चौकशीत धर्मसंघांच्या ३०८ विद्यालयांतील ८८४ व्यक्तींविरुद्ध २,३९५ आरोप नोंदले गेले. पूर्वीच्या चौकश्यांत मुख्यतः निवासी संस्था व काही धर्मप्रांत यांचा समावेश होता. सामान्य दिवसशाळांची व्यापक चौकशी त्यामुळे राहून गेली होती. त्यासाठी नवा आयोग नेमण्याचे शासनाने ठरविले. यातील बहुतेक तक्रारदार आता प्रौढ वा वृद्ध आहेत. मूल बोलू लागल्यापासून त्याचे ऐकले जाईपर्यंत किती वर्षे लोटतात, हीच बालसंरक्षणाच्या कोणत्याही व्यवस्थेची खरी कसोटी असून ते अंतर कमी करणे हे नव्या कायद्यांचे मुख्य प्रयोजन होय.